तारेपासून केसभर वर

मी एक जुना गज आहे, असं म्हटलं की लहान मुलांना हत्ती दिसतो आणि मोठ्यांना खिडकी. मित्रांनो, मी दोन्ही नाही. मला सोंड नाही आणि माझ्याआड कुणाला कोंडतही नाहीत. व्हायोलिनच्या तारांवरून जी काठी पुढेमागे फिरते ना, ती मी. नाव मात्र व्हायोलिनचं होतं. "काय सुंदर व्हायोलिन वाजवलं!" असं सगळे म्हणतात. "काय सुंदर गज फिरवला!" म्हणणारं माणूस मला आजवर एकदाच भेटलं, आणि ते स्वतः गज बनवणारंच होतं.

त्याच्याच हातून माझा जन्म झाला. मी ज्या लाकडाचा आहे ते लालसर आणि इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. त्याने मला तासून बारीक केलं, ज्योतीवर शेकलं आणि टेबलाच्या कडेला दाबून हळूहळू वाकवलं. काठी वाकवणं सोपं असतं, वाकवलेली काठी तशीच राहील असं करणं कठीण. मग त्याने माझ्या टोकापासून बुडापर्यंत पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवले. तो घोडा मला कधी भेटला नाही. लोक माझ्या केसांचं कौतुक करतात तेव्हा मी खालमानेने ऐकून घेतो, कारण ते माझे नाहीतच.

नुसत्या केसांनी तार वाजत नाही, बरं का. केस गुळगुळीत, तार गुळगुळीत, एकमेकांवरून घसरून जातात. म्हणून केसांना राळ लावतात. राळ म्हणजे झाडाचा चीक आटवून केलेली काचेसारखी वडी. ती घासली की केस तारेला पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि त्या धरसोडीतून सूर निघतो. वाजवताना राळेची पांढरी पूड तारांवर आणि त्यांच्याखालच्या लाकडावर पडत राहते, फळ्याखाली खडूची पडते तशी.

माझे पहिले मालक एका नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात वाजवायचे. पडद्यासमोरच्या खोलगट जागेत बसून त्यांनी मला तरुणपणापासून टक्कल पडेपर्यंत फिरवलं. टक्कल त्यांचं. माझे केस दर वर्षी नवे भरले जात. ते म्हणायचे, "हा गज पोटात काही ठेवत नाही. हाताच्या मनात असेल ते बोलून टाकतो." या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं मिरवलो. पुढे त्यांचा हात थरथरू लागला आणि मीही थरथरत बोलू लागलो, तेव्हा त्यांनी मला पेटीत ठेवलं. ते गेल्यावर त्यांच्या पुतण्याने ती पेटी संगीत महाविद्यालयाला देऊन टाकली.

तिथे कपाटात दिवस काढले. माझ्या केसांना कसर लागली. कसर म्हणजे तोच बारीक किडा, जो पुस्तकं आणि लोकरीचे कपडे खातो. एकेक करून सगळे केस गेले. एकदा कुणीतरी कपाट उघडलं आणि म्हणालं, "ही काठी कशाची रे? पडदा लावायला होईल का?" मी मेलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटलं.

पडदा लावला नाही हे नशीब. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला पुन्हा केस बसवले आणि मी एका विद्यार्थिनीच्या हाती आलो.

ती तिशीची होती, आणि वर्गातली बाकीची मुलं एकोणीस-वीसची. पदवीचा अभ्यास अर्ध्यावर असताना तिचं लग्न झालं, मग मुलगी झाली, आणि आता मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर ती उरलेली पदवी पुरी करायला परत आली होती. पोरं तिला 'काकू' म्हणायची. तिला ते आवडत नव्हतं, पण एकदा चिकटलेलं नाव सुटतं थोडंच? मीही तेच वापरतो, माफ करा. मुलीचं नाव भिंगरी. म्हणजे खरं नाव वेगळं, पण ती एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. तिला सांभाळायला काकूच्या सासूबाई होत्या. त्यांचे गुडघे गेलेले. "हे एक वर्ष मी रेटते," त्या म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षीचं मला विचारू नकोस गं बाई." म्हणजे पदवी यंदाच व्हायला हवी होती. यंदा नाही तर कधीच नाही.

पदवीत वाद्य शिकण्याचे दोन भाग होते. एक, आठवड्यातून एकदा गुरूसमोर एकटीने बसायचं. दुसरा, सगळ्यांबरोबर वाद्यवृंदात बसायचं. दोन्हीत पास व्हावं लागे.

एकटीच्या शिकवणीची खोली चिंचोळी होती. दोन खुर्च्या, स्वरलिपीची पानं ठेवायचा स्टँड, नीट न लागणारी खिडकी, आणि आवाज शेजारी जाऊ नये म्हणून भिंतीला लावलेलं जाड कापड. गुरू म्हणजे सर. साठीकडे झुकलेले, मऊ स्वभावाचे. काकूला ते 'बाळ' म्हणत. खिशात त्यांचं एक पिवळं फडकं असे. विद्यार्थी आला की त्याचं व्हायोलिन हातात घ्यायचं, तारा जुळवायच्या आणि आधीची राळ पुसून द्यायची, ही त्यांची सवय. त्या खोलीत काकू फार सुंदर वाजवायची, हे मी खोटं सांगत नाही. सर तिच्याबरोबर वाजवत. एखादी ओळ सुरू करायची असली की ते नाकाने जोरात श्वास आत ओढत. स्स्ं! आणि दोघं एकदम सुरू. मध्ये कुठे थांबायचं असलं, दोन मात्रा, चार मात्रा, की दोघंही थांबत, मग पुन्हा स्स्ं! आणि दोघंही पुन्हा सुरू.

"छान गं बाळ! किती नेमकी येतेस तू!" सर म्हणत.

ती खूश, सर खूश, मीही खूश. त्या थांबण्यातल्या मात्रा फक्त सर मोजत होते, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आता वाद्यवृंदाचं सांगतो. मोठं सभागृह, चाळीसएक मुलं, आणि समोर उंच चौथऱ्यावर हातात काडी घेतलेले संचालक. मुलं त्यांना पाठीमागे 'कप्तान' म्हणत. ती काडी माझी दूरची नातेवाईक. तिला ना केस, ना आवाज, तरी सगळे तिच्याकडेच बघतात. काकूला जागा मिळाली व्हायोलिनच्या शेवटच्या ओळीत. शेजारी एक चष्मेवाली मुलगी, दोघींत मिळून एक स्टँड. मागे बास, म्हणजे कपाटाएवढं दिसणारं ते वाद्य, जे उभं राहून वाजवतात.

ते जे वाजवणार होते त्यात एक जागा होती. सगळे चढत चढत जातात, नगारे गडगडतात, वाटतं छत कोसळणार, आणि एकदम सगळं थांबतं. कुणीच वाजवत नाही. काही मात्रा नुसती शांतता. मग सगळ्यांनी मिळून अगदी हळू, कुजबुजल्यासारखं पुढे जायचं. या शांततेला मुलं 'खड्डा' म्हणत. कप्तान रोज सांगत, "खड्डा बघून चाला रे! मोजा! जो मोजत नाही तो खड्ड्यात!"

पहिल्या मोठ्या तालमीला बासवाल्याला सर्दी झाली होती. आम्ही चढत गेलो, नगारे गडगडले, सगळं थांबलं. ती शांतता इतकी चांगली जमली की दिव्याची बारीक घरघर ऐकू यावी. आणि आमच्या मागे बासवाल्याने नाक ओढलं.

स्स्ं!

काकूचा हात निघाला. सवयीने, विचार न करता, पूर्ण विश्वासाने. आणि मित्रांनो, मीही कमी केलं नाही. टोकापासून बुडापर्यंत, अख्खा, भरभरून वाजलो. तितका सुंदर सूर आम्ही दोघांनी त्याआधी कधी काढला नव्हता. चाळीस जणांच्या शांततेत आमचा दोघांचाच.

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग नगारेवाला ओरडला, "काकूंचं दूध उतू गेलं!"

सभागृह फुटलं. पुढच्या ओळीतली मुलं मागे वळून वळून हसत होती. एकाने व्हायोलिन मांडीवर ठेवून डोळे पुसले. कप्तानांनाही हसू आवरेना. "घरची एवढी घाई असेल तर सांगत जा हो," ते म्हणाले, "आम्ही लवकर सोडू." काकूही हसली. सगळ्यांच्यात मिसळून, त्यांच्यापेक्षा जरा जास्तच. पण तिची बोटं माझ्यावर होती आणि ती गार पडली होती, हे फक्त मला कळत होतं.

पुढच्या तालमीला खड्डा जवळ आला तसा तिचा हात जड झाला. शांतता आली, शांतता गेली, सगळे हळूच सुरू झाले. तीही सुरू झाली. पण मी तारेला लागलो नाही. तिने मला तारेपासून केसभर वर धरलं होतं.

डावी बोटं बरोबर पडत होती. मान बरोबर डोलत होती. मी शेजारच्या गजांच्या चालीने जात होतो, येत होतो. लांबून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काय जोडीने वाजवताहेत सगळे! आणि मी हवेत होतो. पोटात काही न ठेवणारा गज मी, आणि माझ्या पोटात एक अख्खं पान राहिलं.

आधी तेवढंच होतं, खड्ड्यापुरतं. मग खड्ड्याआधीचं पान, मग त्याच्याआधीचं. महिनाभरात आम्ही वाद्यवृंदात एकही सूर वाजवत नव्हतो. आणि गंमत बघा, एके दिवशी कप्तान म्हणाले, "शेवटची ओळ! शाब्बास! किती स्वच्छ वाजायला लागली!"

वाजवून चूक केली तेव्हा हशा मिळाला आणि न वाजवता शाबासकी. मला तारेवर आपटून ओरडावंसं वाटलं. पण गजाला स्वतःहून कुठे टेकता येतं?

तालमीनंतर लगेच सरांची शिकवणी असे. सर सवयीने पिवळं फडकं काढत, व्हायोलिन हातात घेत आणि थबकत. पुसायला काहीच नसे. तारा कोऱ्या, लाकूड चकचकीत.

"अरे वा, पुसून आणलंस? शहाणी गं बाळ!"

"हो सर," काकू म्हणायची. आणि मग सर नाक ओढायचे, आणि ती आधीसारखीच सुंदर वाजवायची.

मग कार्यक्रम आला. सासूबाई गुडघ्यांना पट्टे बांधून आल्या होत्या. भिंगरी पहिल्या रांगेत, खुर्चीच्या अगदी टोकावर. आमची ओळ शेवटची असली तरी काकूची खुर्ची कडेला होती, त्यामुळे भिंगरीला आई पायांपासून डोक्यापर्यंत दिसत होती. काकूने तिच्याकडे एकदाच बघितलं, मग बघितलं नाही.

मी सबंध संध्याकाळ हवेत फिरलो. खड्डा आला, गेला. शेवटी टाळ्या झाल्या. सगळे उभे राहिले, काकू उभी राहिली, मलाही उभं धरलं. टाळ्या माझ्यावरही पडत होत्या. लोकांनी भरल्या हातांनी वाढावं आणि आपण उपाशी असल्याचं सोंग करून बसलेलं असावं, तसं मला झालं.

बाहेरच्या गॅलरीत भिंगरी धावत येऊन आईच्या पायांना चिकटली.

"आई! सगळे वाजवत होते ना, पण मला तुझंच ऐकू येत होतं! तुझंच!"

"ऐकू येणारच," सासूबाई म्हणाल्या. "किती तो हात चालत होता! खांदा भरून आला असेल गं. घरी गेल्यावर शेकून देते."

तेवढ्यात सर आले. हसत हसत त्यांनी खिशातून पिवळं फडकं काढलं. "आण इकडे बाळ, आज भरपूर राळ पडली असेल." त्यांनी व्हायोलिन घेतलं. फडकं तारांच्या खाली गेलं आणि थांबलं. सरांनी तारांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आत्ताच तर कार्यक्रम संपला होता, पुसायला वेळ कुठला? भिंगरी अजून म्हणत होती, "तुझंच ऐकू येत होतं!"  सरांनी फडक्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. काकूने पेटी उघडली होती, राळ हातात घेतली होती आणि तशीच बसली होती. पलीकडे भिंगरी खेळत होती. तिने बुटांचं रिकामं खोकं हनुवटीखाली धरलं होतं आणि हातात फूटपट्टी. डोळे मिटून, मान डोलवत, ती फूटपट्टी पुढेमागे नेत होती. खोक्याला जराही न लावता. फार जपून, जीभ बाहेर काढून, मधलं अंतर सांभाळत.

काकू बघत राहिली. मग म्हणाली, "भिंगरे, टेकव की खाली. अशी कशी वाजेल?"

"टेकवायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"तू कुठे टेकवतेस?" भिंगरी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. एखादी अवघड गोष्ट आपल्याला जमली, एवढाच आनंद होता. "सगळे टेकवतात, तू वरच ठेवतेस. मी बघितलं ना."

काकूचा आवाज अगदी लहान झाला. "मग तुला माझं ऐकू कसं आलं गं?"

"तू वाजवत होतीस ना, म्हणून," भिंगरी म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटून हवेत फूटपट्टी फिरवू लागली.

आतून सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणतेय गं ती?"

"काही नाही, आई."

मित्रांनो, मला कसरीने खाल्लं होतं, मला कुणी पडद्याची काठी म्हटलं होतं. पण त्या खोक्यासमोर मला जेवढी लाज वाटली तेवढी कधीच वाटली नाही. मुलं ऐकलेलं विसरतात, पाहिलेलं उचलतात. आणि तिने जे उचललं ते आमचं होतं, माझं आणि काकूचं.

पुढच्या शिकवणीला काकूने पेटी उघडलीच नाही. सरांनीही फडकं काढलं नाही. खिडकी खडखडत होती. मग ते म्हणाले, "कधीपासून, बाळ?"

तिने सगळं सांगितलं. खड्डा, बासवाल्याची सर्दी, दूध उतू गेलं ते. सर ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांब. बासवाल्याने नाक ओढलं, म्हणून तू सुरू झालीस?"

"हो."

"का?"

काकू हळूच म्हणाली, "कारण तुम्ही ओढता."

"मी? मी नाक ओढतो?"

"सर, अख्ख्या महाविद्यालयाला माहीत आहे."

सर खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा हळूहळू कानांपर्यंत लाल झाला. "म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्यांना वाजवायला शिकवलं," ते म्हणाले, "आणि थांबायचं काम त्यांच्यासाठी मीच करत बसलो. आणि वर म्हणत होतो, किती नेमकी येतेस!" मग उठून म्हणाले, "चल, काढ. मी नाक ओढणार नाही."

त्यांनी तोंड घट्ट मिटलं, श्वास रोखला. काकू वाजवू लागली, थांबायची जागा आली, आणि तिचे डोळे सरांच्या नाकावर. सर जांभळे पडायला आले. शेवटी दोघंही हसत सुटले. बऱ्याच दिवसांनी तिची बोटं माझ्यावर सैल पडली.

"असं नाही जमायचं," सर म्हणाले. "मी बाहेर जातो. तू मोज."

"मोठ्याने?"

"मोठ्याने. पाय आपट. शेजारच्यांनी दार वाजवलं तर वाजवू दे."

ते बाहेर गेले आणि दार लावून घेतलं. काकूने मला तारेवर ठेवलं. वाजवलं, थांबली, पाय आपटत मोजू लागली. पहिल्यांदा लवकर आली. मग उशिरा. मग मोजता मोजता कुठे होती तेच विसरली. कुणी शाबास म्हणत नव्हतं, कुणी नको म्हणत नव्हतं. तिचा तास संपेपर्यंत मी तारेला लागून होतो. दार उघडून तिने विचारलं, "सर, शेवटचं बरोबर होतं का?"

"मला कसं कळणार? मी कानांवर हात ठेवून उभा होतो. तुला काय वाटतं?"

"बरोबर होतं," ती म्हणाली. मग सरांनी विचारलं, "कप्तानांशी मी बोलू का? समजावून सांगतो. नाहीतर ते कार्यक्रमाचे मार्क शून्य करतील, मग वर्ष गेलं तुझं."

काकूने बराच वेळ माझा बुडाचा, केस ताणायचा स्क्रू फिरवला, सैल केला, पुन्हा घट्ट केला. "नको सर. पुढेही हवेतच वाजवून पास झाले तर घरी एक जण तेच शिकणार आहे."

वर्षाअखेरीच्या परीक्षेत तेच पुन्हा वाजवायचं होतं, म्हणून तालमी चालूच होत्या. पुढच्या तालमीला खड्डा जवळ येण्याआधीच ती उभी राहिली. कप्तानांची काडी हवेत थांबली.

"काय झालं?"

"सर, खड्ड्याची जागा मला एकदा एकटीला वाजवायची आहे."

"एकटीला? का बरं?"

"कारण त्या दिवसापासून मी इथे वाजवलेलंच नाही. कार्यक्रमातही नाही. गज नुसता वरून फिरवत होते."

मी तिच्या हातात खाली लोंबत होतो. मला लपायला जागा नव्हती, चाळीस जणांच्या नजरा माझ्यावर. नगारेवाल्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कप्तानांनी शेवटच्या ओळीकडे पाहिलं, मग काडीकडे. बहुतेक त्यांना स्वतःचंच 'किती स्वच्छ' आठवलं असावं, कारण त्यांचेही कान लाल झाले.

"वाजवा," ते म्हणाले.

तिने वाजवायला सुरुवात केली. चढाव बरा झाला. मग ती थांबली, सभागृह थांबलं. ओठ हलत होते, बुटाचं टोक हलत होतं. मला भीती अशी की मी पुन्हा वरच राहतो की काय. आणि ती आली. मी तारेवर पडलो. पडलोच, टेकलो नाही. तिचा हात इतका थरथरत होता की मी तारेवर उड्या मारल्या. बिजागरी कुरकुरावी तसा सूर निघाला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट सूर असेल तो. पण आला तो नेमका आपल्या मात्रेवर.

"मोजलंत बरोबर," कप्तान म्हणाले. "सूर भयंकर."

"हो सर."

"कार्यक्रमाच्या मार्कांचा मला विचार करावा लागेल. आज काही सांगत नाही. बसा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि मी तेव्हा हसलो होतो, ते... असो. चला, सगळे सुरुवातीपासून."

ती बसली. शेजारची चष्मेवाली तिच्या कानाशी वाकली. "काकू, खरं सांगू? त्या पानावर मीपण हवेतच असते."

"तू पण?"

"तुम्ही वाजवताय म्हणून मी बिनधास्त होते!"

तेव्हा मला कळलं, शेजारचा गज इतके दिवस माझ्याकडे बघत का नव्हता. मला वाटायचं, त्याला माझी शरम वाटते. तो बिचारा स्वतःच्याच शरमेत होता. कप्तानांची स्वच्छ ओळ म्हणजे अर्धीअधिक हवा होती.

त्या संध्याकाळी घरी काकूने भिंगरीच्या हातातली फूटपट्टी बाजूला ठेवली आणि मला तिच्या मुठीत दिलं. तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि मला खाली आणलं, खाली, अगदी तारेपर्यंत. मग ओढलं. काय तो आवाज! आतून सासूबाई ओरडल्या, "अगं काय कापताय तिथे?"

भिंगरीने एक कान खांद्याला दाबला. "आई, त्या दिवशी तुझं असं नव्हतं वाजत."

"त्या दिवशी मी वाजवलंच नव्हतं, भिंगरे. तू बघितलंस ना, गज वरच होता. सगळ्यांच्यासमोर चुकायची भीती वाटत होती मला."

भिंगरीने विचार केला. "मग मला कुणाचं ऐकू आलं?"

काकूने मला पुन्हा तारेवर टेकवलं.  मी शपथेवर सांगतो, कार्यक्रमाच्या संध्याकाळी माझ्यातून एक सूरही निघाला नव्हता. ज्या पोरीने तरीही तो ऐकला, तिच्यासमोर माझी मान आजही वर होत नाही.

मित्रांनो, माझी काळजी घेणं सोपं आहे. वाजवून झालं की माझे केस सैल करा, ताणून ठेवलं तर मी कायमचा वाकतो. केसांना बोटं लावू नका, राळ पुसा, कपाटात फार दिवस ठेवू नका. आणि तुमच्यातलं कुणी चुकून एकट्याने वाजलं, तर हसा, हसू येतंच, ते कुणाला चुकलंय? फक्त हसून झालं की त्याच्याकडे बघत राहा, आणि तो पुन्हा वाजवेपर्यंत पुढचं पान उलटू नका.